खांबापलीकडचा परदेश

परदेशगमनाने माणसाची दृष्टी विशाल होते, मनातली जळमटं झडतात आणि मायभूमीची खरी ओळख पटते, असं प्रा. सुकदेव बोरसे यांचं ठाम मत होतं. हे मत बनवताना स्वानुभवाचा कसलाही अडथळा त्यांना आला नव्हता. धुळ्याच्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवत. आल्प्समधल्या हिमनद्या, सहारातली वाळू आणि ॲमेझॉनचं खोरं यांच्याबद्दल ते इतक्या आपुलकीने बोलत, की तेवढ्या आपुलकीने लोक सख्ख्या मेहुण्याबद्दलही बोलत नाहीत. स्वतः सर मात्र नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि नागपूरलाही गेले होते ते पेपर तपासायला.

भूगोल विभागाची अभ्यास सहल दरवर्षी सोनगीरच्या किल्ल्यावर जायची. सोनगीर धुळ्याहून इतकं जवळ की काही मुलं सहलीला सायकलवर यायची, आणि एक जण त्याच गावचा असल्याने दुपारी घरी जाऊन जेवून यायचा. किल्ल्याची उंची मोजणे हा सहलीचा मुख्य कार्यक्रम. ती दर साली वेगळी भरे. एका वर्षी तर सगळ्या गटांची उंची तंतोतंत सारखी आली, तेव्हा सरांना प्रथमच संशय आला.

हे असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं असतं. पण शहाऐंशी सालच्या जानेवारीत, चहाच्या वेळी, इतिहासाचे प्रा. हिलाल भामरे बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बोरसे, सोनगीरचा किल्ला आता तुम्हाला लांबून पाहूनच नमस्कार करत असेल."

सगळे हसले. भामरे हे सरांचे सहकारी, शिवाय भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. त्यामुळे कॉलेजात झालेला अपमान संध्याकाळी घरी ताजा करून मिळण्याची कायमची सोय होती. सरांनी कप खाली ठेवला आणि पुढच्या परिणामांचा काडीचाही विचार न करता म्हणाले, "यंदाची सहल परदेशात जाणार आहे. नेपाळला."

चहावाला पोऱ्या किटली हातात धरून जागीच उभा राहिला. सर घरी पोचले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती, आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई गल्लीतल्या चार जणींना नेपाळातल्या थंडीबद्दल माहिती देत होत्या.

आता नेपाळ परदेश आहे की नाही, हा प्रश्न सामान्य माणसाला पडत नाही. तो विद्यापीठाला पडला. परदेशी सहलीचा जो छापील अर्ज होता, त्यात पासपोर्टचा क्रमांक लिहायची जागा होती. सरांनी कळवलं की नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही. विद्यापीठाने कळवलं की मग तसा दाखला जोडावा. सरांनी पासपोर्टच्या कचेरीला विचारलं, तर उत्तर आलं की आम्ही ज्यांना पासपोर्ट लागतो त्यांनाच ओळखतो; ज्यांना लागत नाही त्यांच्याशी आमचा संबंध येत नाही. शेवटी विद्यापीठातल्या एका अनुभवी कारकुनाने मार्ग काढला. त्याने सरांना बाजूला घेऊन समजावलं, की सर, तुम्ही परदेशाचं नावच काढू नका, परगावच्या सहलीचा अर्ज भरा आणि गावाच्या जागी नेपाळ लिहा. तशी मंजुरी तिसऱ्या दिवशी आली. मंजुरीपत्रात नेपाळचा तालुका आणि जिल्हा तेवढा कळवावा, असं खाली बारीक अक्षरात होतं.

आणि मग सत्कार झाला.

आमच्या खानदेशात माणूस परत येईपर्यंत थांबायची पद्धत नाही. कोण जाणार म्हटलं की आधी हार. आग्रा रोडवरचे कापडाचे व्यापारी प्रेमचंदशेठ यांची कन्या कुसुमलता भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणून सत्काराचा मान शेठजींनी घेतला. शाल झाली, श्रीफळ झालं, स्थानिक दैनिकात 'परदेशगमनानिमित्त हार्दिक अभिनंदन' अशा मथळ्याखाली सरांचा फोटो आला. फोटो लग्नातला होता. मुंडावळ्या तेवढ्या कापल्या होत्या. भाषणं झाली. सर्वात छोटं भाषण भामऱ्यांनी केलं. ते म्हणाले, आजवर आपल्या कॉलेजचा एकही प्राध्यापक देशाबाहेर पाऊल टाकू शकला नाही, बोरसे ते टाकणार आहेत, आणि मग खाली बसता बसता सरांच्या कानाशी पुटपुटले, "शाल परत घ्यायची पद्धत नाही म्हणा आपल्यात. पण पाऊल मात्र टाका हो."

त्या रात्री सरांनी ती शाल अंगावर घेतली आणि लगेच काढून ठेवली. ती टोचत होती. यापुढे सगळा प्रश्न एका पावलाचा होता. उजवं की डावं, एवढंच काय ते त्यांच्या हातात उरलं होतं, आणि तेही सुमनबाईंनी ठरवून टाकलं: उजवं. दिवसही त्यांनीच काढला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. त्या दिवशी सरहद्द ओलांडली की पंचांग बघायला नको, असं त्यांनी पारोळ्याला माहेरीही कळवून टाकलं.

पुढचे दोन महिने सल्ल्यांचे होते. कोणी म्हणालं, परदेशातलं पाणी बाधतं, इथलं न्या. कोणी म्हणालं, तिथे हातात घड्याळ घालून जाऊ नका, कस्टमवाले नवं समजतात. जे कधी जामनेरच्या पुढे गेले नव्हते त्यांनी काठमांडूतले रस्ते सांगितले. छत्र्या, रुद्राक्ष, टॉर्च, गरम कपडे यांच्या फर्मायशी आल्या. एका आजोबांनी खऱ्या कस्तुरीचा शब्द घेतला. सरांनी सगळ्यांना हो म्हटलं. परदेशी जाणाऱ्या माणसाने नाही म्हणायचं नसतं.

पालकांच्या मात्र दोन अटी होत्या, आणि त्यांत सूट नव्हती. पहिली, मुलींबरोबर कोणीतरी वडीलधारी बाई हवी. त्यासाठी प्रेमचंदशेठांनी आपल्या थोरल्या भगिनी प्रेमकुंवरबाई यांना धाडलं. त्या सूर्यास्तानंतर काही खात नसत आणि सूर्यास्तापूर्वी कोणाला गप्प बसू देत नसत. दुसरी अट जेवणाची. पोरं परक्या मुलखात परकं अन्न खाणार नाहीत. म्हणून पुना आचारी निघाला, आणि पुनाबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं पोतं, लाल मिरच्यांचं पोतं, भरताची वांगी, तेलाचा डबा, पायलीभर डाळ, गूळ आणि एक खापर निघालं. सरांनी खापराला हरकत घेतली. पुनाने शांतपणे सांगितलं, की आखाजी म्हणजे पुरणपोळी, पुरणपोळी म्हणजे खापरावरची, आणि खापर नसेल तर आपणही नाही. भुसावळहून गाडीत बसल्यापासून त्याने ते मोठं मातीचं भांडं मांडीवर असं धरलं होतं, की समोरच्या बाकावरची एक बाई आपला आवाज हळू ठेवून बोलत होती.

गोरखपूरपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथून छोट्या गाडीने सरहद्दीच्या गावी पोचले तेव्हा आखाजीला एक दिवस उरला होता. नाक्यावर कमान दिसली. कमानीपलीकडे परदेश स्वच्छ दिसत होता. तिथेही एक माणूस सायकलचं पंक्चर काढत होता. सरांना भरून आलं. सगळे ओळीने उभे राहिले, आणि नाक्यावरच्या अधिकाऱ्याने पुनाच्या पोत्यात हात घातला.

"ये क्या है?"

"पीठ शे साहेब," पुना म्हणाला. "कळनानं."

अधिकाऱ्याने चिमूट उचलून पाहिली. गहू नाही, तांदूळ नाही, रंग करडा. त्याने वास घेतला. मग दुसऱ्या पोत्यात वाकून वास घेतला, ते मिरच्यांचं होतं. पुढची बरीच मिनिटं नाक्यावरचं सर्व कामकाज थांबलं. दोन्ही देशांचे लोक शिंकत होते. शिंका ओसरल्यावर अधिकाऱ्याने लाल डोळ्यांनी निर्णय दिला, की माणसं जाऊ शकतात, एवढं धान्य परवान्याशिवाय जाऊ शकत नाही. परवाना जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल, सोमवारनंतर.

सरांनी धान्य इथेच ठेवून जाऊ असं सुचवून पाहिलं. पुनाने खापर मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडेला बसकण मारली. मुलंही एकेक करत त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. परदेश समोर होता आणि भाकरी मागे होती; विद्यार्थी कुठे जाणार हे कळायला प्राध्यापक असण्याची गरज नव्हती.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, की बाबूजी, इथे कशाला झगडता. आडबाजूला एक गाव आहे. तिथे ना नाका, ना कमान. शेतात सरहद्दीचा खांब आहे, अलीकडे हिंदुस्थान, पलीकडे नेपाळ. त्या गावात म्हशी रोज सकाळी परदेशी चरायला जातात आणि दूध द्यायला मायदेशी येतात.

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून हे शिष्टमंडळ त्या गावी उतरलं. नदीकाठी एक मोठं आंब्याचं झाड, विहीर, एका म्हातारीची झोपडी, आणि झाडाच्या पूर्वेला काही पावलांवर खरोखरच एक दगडी खांब. पांढरा, वर निमुळता, अंगावर कोरलेले आकडे, आणि त्याला एक म्हैस बांधलेली. सरांनी म्हशीच्या अंगावरून हात फिरवत आकडे वाचले. वाचता वाचता त्यांच्या मनात एक शंका आली: नेपाळ उत्तरेला असायला हवा, तो इथे पूर्वेला कसा? पण सरहद्दी वाकड्यातिकड्या असतात हे तर ते स्वतःच वर्गात शिकवत. शंकेचं जागच्या जागी निरसन झालं.

मुलं लगेच पलीकडे धावणार होती. सरांनी त्यांना अडवलं. ओलांडायचं ते उद्या, मुहूर्तावर, रांगेने, आधी सर आणि मग बाकीचे. कुसुमलताजवळ कॅमेरा होता, त्यात मोजकेच फोटो उरले होते. ते याच क्षणासाठी राखून ठेवायला सांगितलं. रात्री सर्वजण झाडाच्या पश्चिमेला, मायदेशात झोपले. सर बराच वेळ कुशीवर वळून त्या खांबाकडे बघत होते. इतक्या जवळ परदेश, आणि आपण दारात अंथरूण टाकून पडलोय, या विचाराने त्यांना लग्नाच्या आदल्या रात्रीसारखी झोप येईना.

आखाजीची सकाळ उजाडली. सरांनी इस्त्रीची पॅन्ट, कोट आणि सत्काराची शाल असा पोशाख केला. मे महिन्यातलं ऊन आणि त्यात कोट, पण पहिलं पाऊल शर्टाच्या बाह्या दुमडून टाकण्याची गोष्ट नव्हे. पुनाने पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर मांडली, तिच्यावर खरबूज ठेवलं. पूजा झाली. सर निघाले, तर पुना आडवा आला. नैवेद्य दाखवल्याशिवाय आखाजीला कुठे जायचं नसतं. आणि नैवेद्य म्हणजे पुरण शिजलं पाहिजे, खापर तापलं पाहिजे, पोळी हातावर फिरवून कोपरापर्यंत मोठी झाली पाहिजे. सर म्हातारीच्या बाजेवर बसले. पुरणाची डाळ परदेशाच्या दारात आल्यामुळे असेल, शिजायचं नाव घेईना.

आता जे घडलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आखाजीला आमच्याकडे मुली झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुषमाणसं पत्ते खेळतात. लपून नव्हे, पारावर, भर चौकात, बापाशेजारी मुलगा बसून, थोडेफार पैसे लावून. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर पाठ सोलून काढणारे आबासुद्धा त्या दिवशी पोराला एक पान जास्त ओढू देतात. पोलीस पाटील असेल तर तोही एक डाव टाकून पुढे जातो. तेव्हा मुलींनी आंब्याला दोर टाकला आणि पोरांनी झाडाच्या सावलीत सतरंजी अंथरली, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पोरांचा पुढारी पारोळ्याकडचा लोटन. सरांनी एकदा उगाच भुवया उंचावल्या. लोटन म्हणाला, "सर, आज आखाजी शे. आज नही ते कव्हय?"  सरांचं स्वतःचं लहानपण त्याच सतरंजीवर गेलं होतं.

सकाळी सावली पश्चिमेला होती. ऊन चढलं तशी ती बुंध्याशी आली आणि मग दुपारी हळूहळू पूर्वेकडे सरकू लागली. सावलीबरोबर सतरंजी सरकली. डाव न मोडता, पानं हातात धरून, बसल्या बसल्याच पोरं पुढे पुढे घसरत राहिली. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. पुनाने एकदाची खापरावर पोळी टाकली, नैवेद्य दाखवला आणि 'झालं शे सर' अशी खूण केली. सर उठले, शाल सावरली, कुसुमलताला हाक मारली, खांबाकडे वळले आणि पाहतात तर सतरंजीचं पुढचं टोक खांबाच्या पलीकडे गेलं होतं. चार विद्यार्थी परदेशात बसले होते. त्यांत लोटन होता, आणि तो पानं पिसत होता.

सरांच्या कोटाला घाम फुटला. बारा वर्षं सोनगीर, दोन महिने विद्यापीठ, एक सत्कार, एवढं सगळं करून त्यांच्या आधी त्यांचे विद्यार्थी परदेशी गेले होते. तेही उजवं पाऊल नाही, डावं नाही, बसल्या जागी.

ते काही बोलणार इतक्यात मागून सायकलची घंटा वाजली. दोन शिपाई आणि एक दरोगा. तिघेही नवे होते, आदल्या आठवड्यातच बदलून आलेले, आणि गावात बाहेरची पोरं उघड्यावर जुगार खेळतात ही दरोग्याला मिळालेली पहिलीच खबर.

"क्या खेल रहे हो?"

"आखाजी," लोटन म्हणाला.

दरोग्याला रमी माहीत होती, तीन पत्ती माहीत होती. हा नवा प्रकार दिसला. त्याने पानं आणि चिल्लर ताब्यात घेतली. सर पुढे झाले आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले, "देखो साहब, आज हमारे उधर आखाजी है. आज के दिन जुआ को जुआ नहीं बोलते."

"तो क्या बोलते हैं?"

"रिवाज," सर म्हणाले.

दरोग्याने सरांकडे, कोटाकडे आणि शालीकडे नीट पाहिलं. जुगारअड्ड्याचा मालक कोण हे त्याला कळल्यासारखं वाटलं.

त्या प्रसंगी प्रेमकुंवरबाई आपल्या बिछान्यावरून उठल्या नसत्या तर ही गोष्ट तुरुंगातूनच सांगावी लागली असती. त्यांनी दरोग्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, की बेटा, सणाच्या दिवशी उपाशी पोरांना धरून नेतात असं तुझ्या आईने शिकवलंय का? दरोगा म्हणाला, आईचा इथे काय संबंध. त्या म्हणाल्या, आधी जेव, मग संबंध सांगते. खापरावरची ती रुमालासारखी पोळी आणि वाटीभर आमरस समोर आल्यावर कायद्याने टोपी काढून ठेवली. दुसऱ्या पोळीला दरोग्याने गाव विचारलं. तिसऱ्या पोळीला त्याचा मेहुणाही कुठेतरी मास्तर असल्याचं निघालं. त्यानंतर तो हात धुऊन आला आणि अडचण काय ती सरळ सांगितली.

जुगार खांबाच्या अलीकडे झाला असेल तर तो त्याच्या हद्दीत. तिथे त्याचा शब्द चालतो. विद्यार्थी आहेत, सण आहे, समज देऊन सोडता येईल. पण पलीकडे झाला असेल तर ते दुसरं राज्य. मग त्या चौकीला कळवावं लागेल, ते पोरांना मागतील, कागद वर जातील, पेपरात येईल, आणि केव्हा सुटतील ते पशुपतिनाथच जाणे. शिपाई म्हणत होते की सतरंजी दोन्हीकडे होती.

"मास्टर साहब, आप तो भूगोल के हैं," दरोगा म्हणाला. "आप ही नापकर लिख दीजिए. आप जो लिखेंगे, मैं मान लूँगा."

सरांनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो असा आला. सरकारी अधिकारी भूगोलाला विचारत होता. त्यांनी साखळी काढली, होकायंत्र काढलं, मोजणीचे झेंडे रोवले. धरपकडीच्या वेळी सूर्य कुठे होता, झाडाची उंची किती, सावलीचं टोक कुठवर पोचलं असेल, याचं गणित मांडलं. पलीकडचा झेंडा धरायला कोणी पोरगं चालणार नव्हतं, त्यांना दरोग्याने हलू नका म्हटलं होतं. तेव्हा सर स्वतःच खांब ओलांडून गेले आणि झेंडा धरून उभे राहिले. कुसुमलताने प्रसंगावधान राखून तेवढ्यात फोटो काढला. उजवं पाऊल आधी पडलं की डावं, हे गडबडीत कोणी पाहिलं नाही. सरांनीही नाही.

गणित चोख आलं. सोनगीरला कधी आलं नव्हतं इतकं चोख. सावलीचा शेवटचा भाग खांबाच्या पलीकडे होता. चार विद्यार्थी त्या वेळी निर्विवाद परदेशात होते. सर झाडाखाली बसून त्या आकड्यांकडे बघत राहिले. धुळ्याच्या कॉलेजच्या इतिहासातला पहिला परदेशी अभ्यासवर्ग, पोलिसांसमोर, शास्त्रोक्त मोजणीने सिद्ध झालेला. भामऱ्यांच्या तोंडावर मारायला याहून भक्कम पुरावा जगात नव्हता. त्यांनी मान वर केली. लोटन समोर उकिडवा बसला होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा पारोळ्याच्या शेतकऱ्याच्या पोरासारखा दिसत होता. तो हळूच म्हणाला, "सर, घर आबाले कळनं ते कॉलेज बंद होई मनं."

सरांनी कागद पुढे ओढला आणि हिंदीत लिहिलं: 'प्रमाणित किया जाता है कि उपरोक्त सभी छात्र घटना के समय भारत में ही थे तथा उन्होंने किसी भी प्रकार का विदेशगमन नहीं किया है.' खाली सही केली, विभाग प्रमुख, भूगोल. 

दरोग्याने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पोरांना त्यांची चिल्लरसुद्धा परत दिली. फक्त त्याची एक अट होती. ही टोळी पुन्हा सरहद्दीजवळ दिसता कामा नये. संध्याकाळच्या गाडीत तो स्वतः बसवून देईल. सरांनी काकुळतीने विचारलं, की निदान मुलांना एकदा रांगेने पलीकडे नेऊन आणू का, पाच मिनिटांत. दरोगा म्हणाला, "मास्टर साहब, अभी तो आपने लिखकर दिया है." 

ट्रॉलीत सामान चढलं. पुना म्हातारीला उरलेलं कळण्याचं पीठ द्यायला गेला होता, तो बराच वेळ तिच्याशी गप्पा मारून आला. गाडी हलल्यावर सरांना झोप लागली. दोन रात्रींची ती थकलेली झोप होती. ते घोरू लागले तेव्हा पुनाने सगळ्या डब्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. पोरं आधी हसली, मग झोपलेल्या सरांकडे बघू लागली. प्रेमकुंवरबाईंनी एकेकाकडे बोट दाखवून प्रत्येकाकडून सरांना न सांगण्याची शपथ घेतली. सूर्य मावळला होता, तरी त्या बोलल्या.

धुळ्याला दुसरा सत्कार झाला. कॉलेजच्या सभागृहात सरांचा फोटो मोठा करून लावला होता: कोट, शाल, हातात लाल-पांढरा झेंडा, बाजूला सरहद्दीचा खांब आणि म्हैस. खाली 'नेपाळच्या भूमीवर' असं रंगीत खडूने लिहिलं होतं. शेठजींनी हार घातला. मुलांचा परदेशप्रवास झाला नाही, याला सरांनी भाषणात 'काही आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या अडचणी' असं म्हटलं. पण त्यांचा स्वतःचा झाला होता, झेंडा धरून उभं राहण्यापुरता का होईना; ते पाऊल कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

भामऱ्यांनी फोटोपाशी जाऊन चष्मा वर केला, खांब पाहिला, म्हैस पाहिली. काही खोट सापडेना. शेवटी वळून सर्वांदेखत विचारलं, "कसं आहे हो नेपाळ?"

 सर अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले, "पुष्कळसं आपल्यासारखंच आहे."

लोटनने टाळ्या सुरू केल्या. भूगोलाचा सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि टाळ्या थांबेचनात, त्या इतक्या की सरांनाच संकोच वाटून त्यांनी हात वर केले.

सरांनी नोकरीत एकदाच खोटा दाखला दिला, आणि तोही खरा निघाला. तो खांब आदल्या वर्षीच्या पुरात वाहून आला होता. म्हैस बांधायला बरा म्हणून म्हातारीने तो झाडाजवळ रोवून घेतला होता. खरी सरहद्द तिथून दोन कोस उत्तरेला आहे.